नवतपा आणि ओली ताटी



आजचा श्लोक : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 12 वा, श्लोक 18

आज नवतप्याचा सहावा दिवस. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि पुढचे नऊ दिवस आमच्या झाडीपट्टीत ऊन किती आहे हे कोणी कोणाला विचारत नाही. सकाळी दहालाच आरमोरीचा मुख्य रस्ता ओस पडतो. दुकानदार अर्धं शटर ओढून आत बसतात. वैनगंगेच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसते. नदीपलीकडच्या ब्रह्मपुरीचं नाव राज्यातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत दरवर्षी असतंच. तुम्ही पुण्या-मुंबईत बसून बातम्यांत ते 46-47 चे आकडे वाचता ना, ते आमचं रोजचं दुपारचं जेवण झाल्यानंतरचं हवामान.

तरी गंमत बघा, इथली जुनी माणसं नवतप्याला नावं ठेवत नाहीत. नवतपा चांगला तापला की मृग चांगला बरसतो, असा त्यांचा विश्वास. त्यामुळे डोक्याला दुपट्टा बांधायचा, खिशात कांदा ठेवायचा, माठातलं पाणी प्यायचं आणि "तापू दे" म्हणायचं. यंदा तर अधिक महिनाही याच दिवसांत आलाय. म्हणजे पारायण, दान, जप आणि घाम, सगळं एकदमच.

आता श्लोकाकडे येऊ. बाराव्या अध्यायात भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं सांगतात. या श्लोकात ते म्हणतात की, जो शत्रू आणि मित्र यांच्याशी सारखाच राहतो, मान आणि अपमान सारखेच घेतो, थंडी-उन्हात आणि सुखदुःखात ज्याचा तोल जात नाही आणि जो आसक्तीपासून सुटलेला आहे, तो भक्त मला प्रिय आहे. एका श्लोकात चार जोड्या. माणसांची, मानाची, हवेची आणि सुखदुःखाची. ज्ञानेश्वर माउली इथे फार साधे दृष्टांत देतात. दिवा घरच्यांना उजेड आणि परक्याला अंधार असा भेद करत नाही. झाड लावणाऱ्याला आणि तोडायला आलेल्याला एकच सावली देतं. ऊस पाणी घालणाऱ्याला गोड आणि चरकात घालणाऱ्याला कडू लागत नाही. आणि आकाश तिन्ही ऋतूंत तेच असतं.

मंडळी, हा श्लोक मला पाठ आहे. यावर मी इथे अनेकदा लिहिलंय. आणि आज कबूल करतो की, दोन वर्षं मी तो लिहीत होतो, पण जगत नव्हतो.

गोष्ट 2024 च्या उन्हाळ्यातली. 19 एप्रिलला आमच्या गडचिरोली-चिमूर मतदारसंघात लोकसभेचं मतदान होतं. आरमोरीकडे मतदानाची वेळ सकाळी 7 ते दुपारी 3. माझ्या मोठेबाबांना, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाला, मीच गाडीवर मागे बसवून केंद्रावर नेलं. दोघांच्या बोटाला शाई लागली. दोघांनी दाबलेली बटणं वेगळी होती, हे दोघांनाही माहीत होतं. येताना आम्ही उसाचा रस प्यालो. काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं ते नंतर. मे महिना लागला, ऊन चढलं आणि फोनही तापले. तुम्हाला आठवत असेल, त्या वर्षी 30 मेला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर 56 अंश तापमान नोंदलं गेलं. तासाभरात तो आकडा देशभर फिरला. नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरमध्ये बिघाड होता. नागपूर तापलं होतं हे खरं, पण 56 नव्हे. मी तो आकडा अकरा जणांना पाठवला होता. दुरुस्तीची बातमी मात्र एकालाही पाठवली नाही.

पाच दिवसांनी, 4 जूनला निकाल. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळपासून एकमेकांना टोमणे सुरू झाले. मोठेबाबांनी माझ्या एका मेसेजला खोचक उत्तर दिलं. मी लिहिलं, "वय झालं तरी अक्कल आली नाही." सगळ्यांसमोर. ज्या माणसाने मला बोट धरून गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला नेलं, मांडी घालून ताठ बसायला शिकवलं, त्याला. बिघडलेला सेन्सर नागपुरात एकच नव्हता, मंडळी. एक माझ्या छातीतही होता. खोचक शब्द होता चाळीस अंशांचा, मी मोजला छप्पन.

संध्याकाळी मोठेबाबा ग्रुपमधून बाहेर पडले. त्यांचं घर आमच्या घरापासून तीन गल्ल्यांवर. वडशाच्या रस्त्यावर कडुनिंबाखाली ते दर उन्हाळ्यात पाणपोई लावतात. दोन लाल रांजण, वर ओलं फडकं, साखळीला बांधलेला ग्लास. मी त्या रस्त्याने जाणंच सोडलं. लांबून वळसा घालून जायचो. आणि सकाळी उठून इथे शांतीवर लिहायचो.

त्या काळात मला वाटायचं की मला समत्व साधलंय. बातम्या बघणं बंद केलं होतं. चार ग्रुप सोडले होते. राजकारणाचा विषय निघाला की उठून जायचो. मन अगदी गार वाटायचं. तुमच्यापैकी अनेकांनी मला असंच काही लिहून कळवलंय : "दादा, सगळ्यांना म्यूट केलं, आता शांत वाटतं." मी तेव्हा "छान" म्हणालो होतो. आज त्यात थोडी दुरुस्ती करायची आहे. 56 अंशांची दुरुस्ती राहून गेली, ही तरी राहू नये.

आपल्या साहित्यात याच प्रसंगावर एक अमोल रचना आहे, मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग. परंपरा सांगते की, लोकांच्या निंदेने ज्ञानेश्वर व्यथित झाले आणि झोपडीची ताटी लावून आत बसले. ताटी म्हणजे झोपडीचं दार, कुडाचं. बाहेर उभी कोण? चौघा भावंडांतली सर्वांत धाकटी मुक्ता. ती दादाला समजावते की, ज्याला संत व्हायचं त्याने जगाचे बोल सोसायचे असतात. जग आग झालं तर आपण पाणी व्हायचं. आणि पुन्हा पुन्हा एकच विनवणी करते, ताटी उघडा.

विचार करा. आत बसलेले ज्ञानेश्वर आहेत. ध्यान, योग, ज्ञान सगळं त्यांच्याजवळ आहे. तरी ती लहान मुलगी म्हणत नाही की, "दादा आत शांत बसलाय, बसू द्या." तिला कळतं की ही शांती नाही, हे रुसणं आहे. बंद दाराआड शांतता मिळते. शांती मिळतेच असं नाही.

गेल्या आठवड्यात नवतपा लागला, आणि तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या एका पोराने सहज विचारलं, "दादा, तुमचे मोठेबाबा बरे आहेत का आता?" मला काहीच माहीत नव्हतं. दोन दिवसांपूर्वी भर दुपारी रांजण भरायला गेले असताना त्यांना ऊन लागलं होतं. चक्कर येऊन पडले, दवाखान्यात दोन सलाईन लावावे लागले. ते ग्रुपमध्ये नव्हते, म्हणून मला कळलं नाही. घरच्यांनी मला मुद्दाम सांगितलं नाही, कारण "तुमचं बोलणं नाही ना." छप्पन अंशांची खोटी बातमी मला तासाभरात कळली होती. तीन गल्ल्यांवरची खरी बातमी कळायला दोन दिवस लागले.

दुपारी दीड वाजता, उन्हातच निघालो. संध्याकाळची वाट बघितली असती तर पुन्हा पाय मागे आले असते.

मोठेबाबा खाटेवर पडले होते. खिडकीला वाळ्याची ताटी लावलेली. आजकाल घरोघरी कूलर आहेत, त्याच्या तीन बाजूंना गवताच्या जाळ्या असतात, त्यांनाही आमच्याकडे ताट्याच म्हणतात. पण मोठेबाबांनी ती जुनी ताटी सोडलेली नाही. मला बघून ते म्हणाले, "काहून गा, एवढ्या उन्हाचा आलास?"

मी उभाच. येताना रस्त्यात जे जे ठरवलं होतं ते सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, "मोठेबाबा, मी ते लिहिलं होतं, ते चुकलं माझं."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मीही तुले कमी नाही बोललो गा." आणि खिडकीकडे हात करून, "ताटी वाळली पाय. पानी मार जरा."

मी बादलीतून मग भरभरून ताटीवर पाणी मारलं. बाहेरून झळ आली, ताटीतून गेली आणि आत येताना गार झाली. वाळ्याचा वास खोलीभर पसरला. मी खाटेजवळ बसलो. तेव्हा ते म्हणाले, "तू रोज लिवतेस ना, ते मी वाचतो. नातू काढून देते फोनवर. चांगला लिवतेस."

दोन वर्षं. अपमान त्यांचा झाला होता आणि दार त्यांचं उघडं होतं. मी तर शांतीचा अभ्यास करत ताटी लावून बसलो होतो. बाराव्या अध्यायातला तो भक्त कडुनिंबाखाली रांजण भरत होता आणि मी त्याला टाळायला वळसा घालत होतो.

मंडळी, त्या ताटीने मला जे शिकवलं ते तुम्हाला सांगतो. उन्हापासून वाचायचे दोन मार्ग असतात. एक, दार-खिडक्या घट्ट लावून घ्यायच्या. थोडा वेळ बरं वाटतं, मग कोंडतं. कूलर वापरणाऱ्या कोणालाही विचारा, समोरची खिडकी उघडी नसेल तर तोच कूलर खोलीत उमस करतो. दुसरा मार्ग ओल्या ताटीचा. ती वाऱ्याला अडवत नाही. झळ येऊ देते. पण तिच्या अंगावर पाणी असतं. त्या पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतं आणि आत गारवा येतो. हवा जितकी कोरडी, तितकी ताटी चांगली काम करते. म्हणून ती विदर्भाच्या मे महिन्यात चालते, मुंबईच्या दमट हवेत तिचा काही उपयोग नाही. म्हणजे ज्या कोरड्या उन्हाने जीव नकोसा होतो, त्याच उन्हात तिची खरी कामगिरी.

फक्त एक अट आहे. ती वाळू द्यायची नाही. एकदा पाणी मारून दिवसभर भागत नाही. नाम, पाठ, प्रार्थना हे सगळं त्या मगभर पाण्यासारखं आहे. सकाळी घेतलेलं दुपारच्या शब्दाला पुरेलच असं नाही. पुन्हा घ्यावं लागतं. 4 जूनला मी सकाळी पाठ केला होता. दुपारी ताटी वाळली होती आणि माझं लक्ष नव्हतं.

आता तुमच्या मनातला प्रश्न. मग राजकारणावर बोलूच नये का? जे चाललंय ते गार होऊन बघत बसावं का?

नाही. आपल्या याच भागाकडे बघा. तुकडोजी महाराजांनी तरुणपणी चिमूरच्या जंगलात तप केलं. 16 ऑगस्ट 1942 ला चिमूर पेटलं, आणि त्या आंदोलनात महाराजांनाही अटक झाली. नागपूर आणि रायपूरचा तुरुंग त्यांनी पाहिला. भजन म्हणणाऱ्या साधूने खंजिरी घेऊन लोक जागे केले. पुढे ग्रामगीता लिहिताना त्यांनी गावचा कारभार, मतदान, पुढारी हे सगळं भक्तीच्या बाहेर ठेवलं नाही. गीता तरी कुठे सांगितली गेली? रणांगणावर. अर्जुनाला "घरी जा आणि शांत बस" असं भगवंत म्हणाले नाहीत. शत्रू-मित्रांशी सम राहा याचा अर्थ न्याय-अन्याय सारखेच माना असा होत नाही. चुकीला चूक म्हणा. फक्त चूक करणाऱ्या माणसाला मनातून हाकलू नका. माउलींनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावा एवढंच मागितलं.

हे नुसतं पोथीतलं नाही. आमच्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा-लेखा नावाचं गोंडांचं छोटं गाव आहे. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा हक्क त्यांना मिळाला. आणि 2011 साली तिथल्या ग्रामसभेच्या हाती स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने आले. हा लढा त्यांनी कसा दिला? तिथे ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असला तरी विषय थांबतो, पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. आपल्याकडे विरोध करणाऱ्याला ग्रुपमधून काढतात. तिथे त्याच्यासाठी सगळं गाव थांबतं. वेळ लागतो, हो. पण इतक्या चिकाटीने हक्क मागणाऱ्या गावाला कोण लेचंपेचं म्हणेल?

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. शीत-उष्ण सहन करा, हा उपदेश स्वतःला करायचा असतो, दुसऱ्याला नाही. या दिवसांत आमच्या जंगलात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. बायाबापड्या पहाटे अंधारात निघतात, वाघाची भीती पोटात घेऊन पानं तोडतात, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि ते फळीवर नेऊन देतात. त्यांना कूलरसमोर बसून "समत्व ठेवा" म्हणणं हे गीतेचं नाव घेऊन केलेलं पाप आहे. त्यांच्यासाठी श्लोक नाही, पाणी हवं. सावली हवी. घामाचं दाम वेळेवर हवं, आणि ते मिळत नसेल तर त्यासाठी बोलायला हवं. स्वतःचं ऊन सोसावं, दुसऱ्याचं ऊन कमी करावं.

तर आजचा अभ्यास छोटा आहे. डोळे मिटून बसा आणि एक नाव आठवा. राजकारणावरून, जातीवरून, एखाद्या मेसेजवरून ज्याच्याशी तुमचं बोलणं थांबलंय असं एकच नाव. त्याचं मत बदलायचं नाही. आपलंही बदलायचं नाही. फक्त फोन लावायचा आणि विचारायचं, "ऊन फार आहे, बरे आहात ना?" पलीकडून काय उत्तर येईल ते आपल्या हाती नाही. दोन वाक्यांत फोन ठेवला जाईल कदाचित. चालेल. ताटी आपण आपल्या बाजूने उघडायची. ज्याने तुम्हाला खरोखर इजा केली, ज्याच्यापासून दूर राहण्यातच तुमची सुरक्षितता आहे, त्याच्यासाठी हे सांगत नाही. तिथे दार लावणं हेच शहाणपण. मी अहंकाराने लावलेल्या दारांबद्दल बोलतोय. कोणतं दार कशाने लागलंय हे आतल्या माणसाला माहीत असतं.

आमचं पुढे काय झालं म्हणाल, तर मोठेबाबांनी त्याच दुपारी पुन्हा निवडणुकीचा विषय काढला. त्यांचं मत तेच आहे. माझंही तेच आहे. अर्धा तास वाद झाला. मध्ये एकदा माझा आवाज चढला, तेव्हा त्यांनी काही न बोलता नुसता बादलीकडे हात केला. मी उठलो आणि ताटीवर पाणी मारलं. ताटी खरंच वाळली होती.

सध्या डॉक्टरांनी त्यांना उन्हात जायला मना केलंय. त्यामुळे तीन दिवसांपासून वडशाच्या रस्त्यावरचे रांजण सकाळी सहाला मी भरतो. पाणी प्यायला कोण येतं, त्याने कोणतं बटण दाबलं होतं, हे रांजणाला काय माहीत!

हे पांडुरंगा, आमची मतं वेगळी राहू देत, पण पाणी वेगळं होऊ देऊ नकोस. आमच्या मनाची ताटी तुझ्या नामाने ओली ठेव. आणि आम्ही रुसून आत बसलो, तर दाराशी एखादी मुक्ताई पाठव.

दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या आणि दारात पक्ष्यांसाठी एक वाटी ठेवा.

राम कृष्ण हरी. उद्या भेटू, पुढच्या श्लोकासह.